मेकाँगचे पाणी, महासत्तांची चढाओढ आणि खालचे देश : वाचकांचे प्रश्न

मागील अंकातील मेकाँग नदीवरच्या लेखानंतर वाचकांची बरीच पत्रे आली. तिबेटच्या पठारावर उगम पावून चीन, म्यानमार, लाओस, थायलंड, कंबोडिया आणि व्हिएतनाम अशा सहा देशांतून वाहणाऱ्या या नदीवर वरच्या अंगाला चीनची मोठी धरणे आहेत, आणि खालच्या देशांत चीन व अमेरिका हे दोघेही आपले वजन वाढवू पाहत आहेत, हा त्या लेखाचा विषय होता. आलेल्या पत्रांपैकी पाच प्रश्न येथे उत्तरांसाठी घेतले आहेत.

सांगलीहून एक वाचक विचारतात : पावसाळ्यात आलमट्टीतून किती विसर्ग चालू आहे, याची चौकशी आमच्याकडे घरोघरी होते. त्यामुळे एका नदीवरच्या दोन राज्यांचा वाद आम्हाला नवा नाही. परंतु मेकाँगच्या एकूण पाण्यापैकी चीनमधून येणारे पाणी साधारण १६ टक्केच असेल, तर चीनच्या धरणांमुळे खालच्या देशांचे एवढे काय बिघडते?

वर्षभराच्या पाण्याची बेरीज केली, तर १६ टक्के हा आकडा बरोबर आहे. पण नदीकाठी राहणाऱ्या माणसाला वर्षाची सरासरी उपयोगी पडत नाही. पावसाळ्यात लाओसच्या डोंगरांतून येणाऱ्या उपनद्या मेकाँगला तुडुंब भरतात आणि तेव्हा चीनचा वाटा खरोखरच लहान असतो. जानेवारी ते एप्रिल या कोरड्या महिन्यांत मात्र चित्र पालटते. उत्तर थायलंडमधील चियांग सेनजवळ त्या दिवसांत वाहणारे बहुतेक सर्व पाणी चीनच्या हद्दीतून आलेले असते. तेथे नदीची पातळी किती राहील, हे युन्नान प्रांतातील वीजकेंद्रे कशी चालवली जातात यावर ठरते.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. जलविद्युत केंद्र पाणी पिऊन टाकत नाही, ते पाण्याची वेळ बदलते. चीनने मुख्य प्रवाहावर ११ मोठी धरणे बांधली असून त्यांपैकी शियाओवान आणि नुओझादू या दोन धरणांतच साठ्याचा मोठा भाग आहे. शियाओवानची भिंत तर २९२ मीटर उंच आहे. पावसाळ्यात पाणी साठवायचे आणि हिवाळ्या-उन्हाळ्यात विजेसाठी सोडायचे, असा या धरणांचा क्रम असतो. त्यामुळे पूर कमी येतो आणि कोरड्या दिवसांतील प्रवाह पूर्वीपेक्षा वाढतो. हा खालच्या देशांवर उपकारच आहे, असे चीनचे अधिकारी सांगतात, आणि केवळ पाटबंधाऱ्यांच्या हिशेबाने पाहिले तर त्यात तथ्य नाही असे म्हणता येत नाही. पण मेकाँगच्या खोऱ्यातील मासा, भात आणि माती ही तिन्ही ठरल्या वेळी येणाऱ्या पुरावर उभी आहेत.

कंबोडियातील तोन्ले साप सरोवराकडे पाहिले की हे नीट समजते. या सरोवराला मेकाँगशी जोडणारी त्याच नावाची नदी वर्षातून एकदा उलटी वाहते. पावसाळ्यात मेकाँगची पातळी चढली की नोम पेन्हजवळून पाणी मागे सरोवरात शिरते, आणि कोरड्या दिवसांत सुमारे अडीच हजार चौरस किलोमीटरांवर असलेले सरोवर चांगल्या वर्षी १५ हजार चौरस किलोमीटरांपर्यंत पसरते. काठची जंगले पाण्याखाली जातात, तेथे मासे वाढतात, आणि पाऊस संपल्यावर प्रवाह फिरला की ते पाण्याबरोबर मेकाँगकडे परततात. त्या वाटेवर मच्छीमार ओळीने तराफे नांगरून त्यांच्यामागे नरसाळ्याच्या आकाराची लांब जाळी सोडतात. डिसेंबर-जानेवारीत पौर्णिमेच्या आधीचे काही दिवस या जाळ्यांत सर्वाधिक मासळी येते, आणि तेव्हा आसपासच्या प्रांतांतील शेतकरी कुटुंबे नदीकाठी येऊन बोटाएवढे लहान मासे विकत घेतात, ते साफ करून मिठात मुरवतात. या खारवलेल्या माशाला तेथे प्राहोक म्हणतात आणि गरिबाच्या घरात वर्षभर भाताबरोबर तोच असतो. २०१९ आणि २०२० साली हा उलटा प्रवाह उशिरा सुरू झाला आणि सरोवरात नेहमीपेक्षा फारच कमी पाणी शिरले. त्याचा परिणाम प्राहोकच्या मडक्यापर्यंत पोहोचतो, हे वजाबाकीच्या कोणत्याही तक्त्यात दिसत नाही.

गाळाचे नुकसान तर भरून येण्यासारखेही नाही. धरणामागे अडलेला गाळ खाली येत नाही. २०१९ च्या अखेरीस थायलंड-लाओस सीमेवर एरवी तांबूस असणारी मेकाँग निळी आणि नितळ दिसू लागली. पर्यटकांनी तिची छायाचित्रे काढली, पण गाळाविना ते पाणी उपाशी होते. व्हिएतनाममधील त्रिभुज प्रदेश या गाळावरच बनला आहे आणि देशातील निम्म्याहून अधिक भात तेथे पिकतो. गाळ घटला, त्यात नदीपात्रातून बेसुमार वाळूउपसा झाला आणि समुद्राची पातळी वाढत आहे. २०१६ आणि २०२० या दोन्ही वर्षी खारे पाणी भातशेतीत दूरवर शिरले. यांतील वाळूउपसा त्या देशाने स्वतः केलेला आहे, हेही सांगितले पाहिजे.

पुण्याहून राज्यशास्त्राची एक विद्यार्थिनी लिहिते : २०२० साली अमेरिकी अहवालाने दुष्काळाचा दोष चीनला दिला आणि चीनच्या विद्यापीठाने तो नाकारला. सामान्य वाचकाने कोणावर विश्वास ठेवावा?

२०१९ च्या पावसाळ्यात खालच्या मेकाँगमध्ये कित्येक दशकांतील नीचांकी पातळी नोंदवली गेली. एप्रिल २०२० मध्ये ‘आइज ऑन अर्थ’ या अमेरिकी संस्थेने उपग्रहाच्या आधारे केलेला अभ्यास प्रसिद्ध केला. वरच्या खोऱ्यात त्या काळात सरासरीहून अधिक पाऊस व वितळलेले हिम असूनही ते पाणी धरणांत अडवले गेले, असा त्याचा निष्कर्ष होता. या अभ्यासाला अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याचे अर्थसाहाय्य होते. काही महिन्यांतच बीजिंगच्या त्सिंगह्वा विद्यापीठातील संशोधकांनी उलट बाजू मांडली : वरच्या खोऱ्यातही दुष्काळ होता आणि धरणांनी त्याची तीव्रता कमी केली. चार खालच्या देशांच्या मेकाँग नदी आयोगाने सावधपणे सांगितले, की मोसमी पाऊस उशिरा आला, लवकर गेला, हे मुख्य कारण दिसते. दुष्काळ बहुतांशी धरणांमुळेच झाला असे म्हणायला आणखी पुरावा हवा.

माझ्या मते आयोगाचे म्हणणे सर्वांत प्रामाणिक होते आणि म्हणूनच त्याकडे सर्वांत कमी लक्ष गेले. दोन महासत्तांचा वाद सुरू झाला की प्रत्येक आकड्याला आधी त्याचे पारपत्र विचारले जाते. पैसा अमेरिकेचा म्हणून अभ्यास खोटा ठरत नाही, तसेच विद्यापीठ चीनचे म्हणून त्याचे गणित चुकत नाही. प्रश्न असा आहे, की हा वाद सोडवण्यासाठी लागणारी माहिती, म्हणजे रोज किती पाणी साठवले आणि किती सोडले याची नोंद, कोणाकडे आहे? ती चीनकडे आहे आणि त्याने ती उघड केलेली नाही. २००२ च्या करारानुसार चीन फक्त पावसाळ्यातील पातळीची माहिती देत असे. २०२० च्या या वादानंतर त्याने दोन मापन केंद्रांची माहिती वर्षभर देण्याचे मान्य केले. हे स्वागतार्ह होते, पण नदीवरच्या मापन केंद्राची नोंद ही धरणाच्या दरवाजाची नोंद नव्हे.

या फरकाचे मोल लवकरच दिसले. ५ जानेवारी २०२१ रोजी चीनने कळवले, की वीजवाहिन्यांच्या देखभालीसाठी युन्नानमधील जिंगहोंग धरणातून सोडले जाणारे पाणी सेकंदाला सुमारे १,९०० घनमीटरांवरून १,००० घनमीटरांवर आणले जाईल आणि २४ जानेवारीपर्यंत तसेच राहील. आयोगाच्या मापकांवर मात्र पातळी ३१ डिसेंबरपासूनच उतरू लागली होती. नदीत होडी बांधून ठेवणाऱ्याला, पंप बसवलेल्याला, उघड्या पडलेल्या वाळूवर भाजी लावलेल्याला ही सूचना पाणी गेल्यानंतर मिळाली. तेव्हा विश्वास कोणावर ठेवायचा, यापेक्षा मोजमाप कोणाच्या हाती आहे हे पाहावे. डिसेंबर २०२० पासून अमेरिकेतील स्टिम्सन सेंटर ही अभ्याससंस्था उपग्रहावरून या धरणांच्या पातळ्या मोजून जाहीर करते आणि ते काम उपयोगी आहे. पण त्यालाही अमेरिकी सरकारचा पैसा होता. २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेने परदेशी मदत एकाएकी गोठवली तेव्हा मेकाँग खोऱ्यातील अनेक प्रकल्प अर्ध्यावर थांबले. दुसऱ्याच्या मर्जीवरचे मोजमाप किती टिकते, हे तेव्हा खालच्या देशांना कळले.

नाशिकहून एक निवृत्त अभियंता विचारतात : एवढा जुना आयोग असताना तो धरणे थांबवू का शकत नाही? चीन त्याचा सदस्य का नाही?

या खोऱ्यातील सहकार्याचा जन्मच शीतयुद्धात झाला. १९५७ साली संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने लाओस, थायलंड, कंबोडिया आणि दक्षिण व्हिएतनाम यांची मेकाँग समिती स्थापन झाली. तेव्हा बीजिंगच्या सरकारला संयुक्त राष्ट्रांत जागाच नव्हती, त्यामुळे नदीचा वरचा भाग पहिल्या दिवसापासून चौकटीबाहेर राहिला. अमेरिकेला या समितीत रस होता तो नदीपेक्षा साम्यवाद रोखण्यासाठी. ७ एप्रिल १९६५ रोजी अध्यक्ष जॉन्सन यांनी बाल्टिमोरच्या भाषणात आग्नेय आशियाच्या विकासासाठी एक अब्ज डॉलरची तयारी दाखवली आणि मेकाँगच्या विजेचे मोठे चित्र रंगवले. उत्तर व्हिएतनामवरील सलग बाँबवर्षाव त्याच्या आदल्याच महिन्यात सुरू झाला होता. आखलेली मोठी धरणे युद्धामुळे कागदावरच राहिली, आणि आज मागे वळून पाहता ते त्या खोऱ्याचे भाग्यच म्हणायला हवे.

५ एप्रिल १९९५ रोजी चियांग राय येथे चार देशांनी नवा करार केला आणि आजचा आयोग अस्तित्वात आला. १९९६ पासून चीन आणि म्यानमार त्याचे संवाद-भागीदार आहेत, सदस्य नाहीत. सदस्य झाल्यास वरच्या अंगाची धरणे चर्चेला आणावी लागतील, ही चीनची अडचण उघड आहे. १९९७ साली आंतरराष्ट्रीय जलप्रवाहांविषयीचा करार संयुक्त राष्ट्रांत मांडला गेला तेव्हा विरोधात मत देणारे देश तीनच होते : चीन, तुर्कस्तान आणि बुरुंडी. व्हिएतनामने मात्र २०१४ मध्ये तो स्वीकारला आणि त्यामुळेच आवश्यक संख्या पूर्ण होऊन तो अमलात आला.

आयोगाच्या दुबळेपणाचा सगळा दोष चीनवर टाकणे बरोबर होणार नाही. १९९५ पूर्वीच्या व्यवस्थेत मुख्य प्रवाहावरच्या मोठ्या प्रकल्पाला इतर देशांची संमती लागत असे. नव्या करारात तिच्या जागी ‘पूर्वसल्लामसलत’ आली : प्रकल्प करणाऱ्याने कळवायचे, सहा महिने चर्चा करायची, पण कोणालाही नकाराधिकार नाही. ही सैल तरतूद चारही देशांनी स्वतःच्या सोयीसाठी मान्य केली. तिची परीक्षा सायाबुरी धरणाच्या वेळी झाली. २०१० साली आयोगासाठीच केलेल्या अभ्यासात मुख्य प्रवाहावरची धरणे दहा वर्षे लांबणीवर टाकावीत, अशी शिफारस होती. त्याच वर्षी लाओसने सायाबुरीचा प्रस्ताव आणला, कंबोडिया आणि व्हिएतनाम यांनी आक्षेप घेतले, एकमत झाले नाही, आणि नोव्हेंबर २०१२ मध्ये बांधकामाचा प्रारंभ झाला. १,२८५ मेगावॉटचे हे केंद्र ऑक्टोबर २०१९ पासून चालू आहे. त्याची जवळपास सर्व वीज थायलंड घेतो, आणि कर्जही थाई बँकांचे आहे. तेथे चीनचा हात नव्हता. आपल्याकडे कृष्णेच्या पाण्यासाठी लवाद आहे. त्याचा निवाडा उशिरा येतो, त्यावर तक्रारी होतात, पण निवाडा देणारा कोणीतरी असतो. मेकाँगला तसे कोणी नाही.

रत्नागिरीहून एक वाचक विचारतात : लाओस आणि कंबोडिया हे महासत्तांच्या खेळातील बळी आहेत, असे म्हणावे का?

बळी म्हटले की त्यांच्या निर्णयांची जबाबदारी संपते, म्हणून तो शब्द मी वापरणार नाही. लाओसला समुद्रकिनारा नाही, उद्योग थोडे आहेत, डोंगर आणि पाणी मात्र भरपूर आहे. वीज विकून गरिबीतून बाहेर पडण्याचा मार्ग त्या सरकारने समजून-उमजून निवडला. त्याची किंमत किती याचा अंदाज २३ जुलै २०१८ रोजी आला, जेव्हा अट्टापू प्रांतातील बांधकाम चालू असलेल्या प्रकल्पाचा दुय्यम बंधारा फुटून गावेच्या गावे वाहून गेली आणि हजारो माणसे बेघर झाली. पुढे कर्जाचा डोंगर आला. डिसेंबर २०२१ मध्ये सुरू झालेल्या चीन-लाओस रेल्वेचा खर्च सुमारे सहा अब्ज डॉलर होता, आणि देशाचे सार्वजनिक कर्ज वार्षिक उत्पन्नाच्याही पुढे गेले. परकीय कर्जापैकी जवळपास निम्मे चीनचे आहे. राष्ट्रीय वीजवहन कंपनीतील बहुसंख्य वाटा २५ वर्षांच्या सवलतीने चीनच्या सरकारी कंपनीकडे गेला. वीज विकण्यासाठी कर्ज घेतले आणि कर्जापायी वीज वाहून नेणाऱ्या तारांवरचा ताबा द्यावा लागला, हे त्या व्यवहाराचे खरे स्वरूप आहे.

कंबोडियाची वागणूक अधिक गुंतागुंतीची आहे. २०२० साली त्याने स्वतःच्या हद्दीतील मुख्य प्रवाहावरच्या धरणांना दहा वर्षे स्थगिती दिली, आणि माशावर जगणाऱ्या देशाने घेतलेला हा फार शहाणा निर्णय होता. तोच देश फुनान तेचो कालवा मात्र हिरिरीने पुढे रेटत आहे. नोम पेन्हजवळून थायलंडच्या आखातापर्यंत जाणारा हा कालवा झाला, की कंबोडियाच्या मालाला व्हिएतनामच्या बंदरांवर अवलंबून राहावे लागणार नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधान हुन मानेत यांनी भूमिपूजन केले, आणि एप्रिल २०२५ मध्ये चीनचे अध्यक्ष शी जिनपिंग नोम पेन्हला आले असताना सुमारे १.२ अब्ज डॉलरच्या करारावर चिनी कंपनीबरोबर सह्या झाल्या. आपल्या मालासाठी आपली वाट हवी, ही इच्छा कोणत्याही लहान देशाला असणारच. परंतु पाण्याचा परिणाम ज्याच्यावर होणार त्या व्हिएतनामने पुन्हा पुन्हा माहिती मागूनही, कंबोडियाने हा प्रकल्प उपनदीवरचा ठरवून आयोगाला नुसती सूचना दिली. चीनने वरून माहिती दिली नाही तर आपल्याला राग येतो, आणि आपण खालच्या शेजाऱ्याशी तसेच वागतो, ही गोष्ट या खोऱ्यातील प्रत्येक राजधानीने मनावर घ्यायला हवी. महासत्तांची चढाओढ प्रत्येक लहान देशाला एकेकटे काहीतरी मिळवून देते : कोणाला रेल्वे, कोणाला कालवा, कोणाला गस्तीच्या नौका. पण नदीचे नुकसान सगळ्यांच्या वाट्याला एकत्र येते, आणि त्यावर बोलायची जी एकमेव जागा या चौघांची स्वतःची आहे, म्हणजे आयोग, ती दर वेळी थोडी रिकामी होते.

एकत्र दबाव आला तर चीनही थांबतो, याचे उदाहरण आहे. मोठ्या मालवाहू बोटींसाठी थायलंड-लाओस सीमेवरचे खडक सुरुंगांनी फोडण्याची चीनची योजना होती. तेच खडक माशांची प्रजननस्थाने आहेत. थायलंडमधील चियांग खोंगचे शिक्षक निवत रॉयकेव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वीस वर्षे त्याला विरोध केला, गावकऱ्यांकडून माशांची आणि पाणवनस्पतींची नोंद करून घेतली, चिनी अधिकाऱ्यांना समोर बसवून बोलायला लावले. फेब्रुवारी २०२० मध्ये थायलंडच्या मंत्रिमंडळाने ती योजना रद्द केली.

मडगावहून एक वाचक विचारतात : या सगळ्यात भारत कोठे आहे?

नोव्हेंबर २००० मध्ये लाओसची राजधानी व्हिएन्तिआन येथे भारताने पाच देशांबरोबर मेकाँग-गंगा सहकार्य सुरू केले. त्यात चीन नाही. पर्यटन, संस्कृती, शिक्षण, वाहतूक हे त्याचे विषय आहेत. लाओसमधील वट फू मंदिराच्या जतनाचे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे काम चांगले आहे, पण दोन नद्यांची नावे धारण करणाऱ्या या मंचावर नदीच्या पाण्याविषयी फारसे बोलले गेले नाही, ही मला मोठी उणीव वाटते.

कारण मेकाँगच्या खालच्या देशांचा अनुभव आपलाही आहे. ब्रह्मपुत्रेच्या पुराची माहिती देण्याचा चीनशी करार असूनही २०१७ साली डोकलामच्या तणावात ती आली नाही, पुढच्या वर्षी पुन्हा सुरू झाली. जुलै २०२५ मध्ये तिबेटमध्ये त्याच नदीवर प्रचंड जलविद्युत प्रकल्पाचे काम सुरू झाल्याचे चीनने जाहीर केले. दुसरीकडे बांगलादेशच्या दृष्टीने आपण वरचे आहोत. गंगेच्या पाणीवाटपाचा डिसेंबर १९९६ चा करार ३० वर्षांचा आहे, आणि तिस्तेचा करार २०११ पासून अडलेला आहे. तिस्तेच्या कामासाठी ढाक्याने चीनकडेही विचारणा केली आहे. जिंगहोंग धरणाच्या दरवाजाची रोजची नोंद चीनने द्यावी असे ज्यांना वाटते, त्यांनी गंगेवरील फराक्का आणि तिस्तेवरील गजलडोबा या आपल्या बंधाऱ्यांवरील रोजची नोंदही शेजाऱ्यासाठी, आणि आपल्या नागरिकांसाठी, खुली करण्याचा आग्रह धरला पाहिजे.